पावलं मोजणारा फोन: पावलांवर विश्वास ठेवा, किलोमीटर तपासून घ्या

फोन पँटच्या पुढच्या खिशात आहे, रस्ता सपाट आहे आणि माणूस नेहमीच्या वेगाने चालतो आहे. या तीन गोष्टी जुळल्या की आजचा कुठलाही बरा स्मार्टफोन पावलं जवळपास बरोबर मोजतो. शंभर पावलांमागे दोन-चारांचा फरक पडतो आणि रोजच्या वापरासाठी तेवढा फरक चालण्यासारखा आहे. तीनपैकी एक गोष्ट बिघडली की आकडा घसरायला लागतो. अंतराचं गणित तर मुळातच वेगळं आहे. पावलं बरोबर आली म्हणून त्याखाली लिहिलेले किलोमीटरही बरोबर असतील असं मानणं ही या सोयीच्या वापरातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती सर्रास होते.

इथे आयफोनमधलं हेल्थ, गूगल फिट, सॅमसंग हेल्थ आणि प्ले स्टोअरवर मिळणारी मोफत पावलं-मोजणी ॲप्स यांचा विचार केला आहे. पण ॲप निवडण्याआधी मोजणी नेमकी कोण करतं ते समजून घेतलेलं बरं.

मोजणी ॲप करत नाही, फोनमधली चिप करते. २०१३ साली आयफोन ५एसमध्ये एम७ नावाची वेगळी चिप आली. हालचालीची नोंद ठेवणं एवढंच तिचं काम, त्यामुळे मुख्य प्रोसेसर झोपलेला असला तरी पावलं मोजली जातात आणि बॅटरी फारशी खर्च होत नाही. त्याच वर्षी अँड्रॉइड ४.४ मध्ये ‘स्टेप काउंटर’ या सेन्सरची सोय झाली आणि नेक्सस ५ मध्ये ती प्रत्यक्ष आली. तेव्हापासून बहुतेक ॲप्स या तयार आकड्यावरच चालतात. म्हणूनच एकाच फोनवर तीन ॲप्स टाकून ‘यातलं अचूक कोणतं’ ते शोधण्यात फारसा अर्थ नाही. तिघांना आकडा देणारी चिप एकच असते. तरीही आकडे वेगळे दिसले तर कारण बहुधा मोजणीत नसतं, हिशेबात असतं. एका ॲपने सकाळी परवानगी मिळाल्यापासून मोजलेलं असतं, दुसऱ्याने घड्याळाची पावलंही मिसळलेली असतात.

चिप मोजते कशी? फोनमधला ॲक्सिलरोमीटर तीन दिशांमधला प्रवेग सतत मोजत असतो. फोन टेबलावर पडलेला असेल तर त्याला फक्त गुरुत्वाकर्षण दिसतं, म्हणजे सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. चालताना टाच टेकली की धक्का बसतो, शरीर वर उचललं जातं, पुन्हा खाली येतं. आलेखावर ही एकेक लाट दिसते. साधारण चालीत मिनिटाला ९० ते १२० पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला दीड ते दोन लाटा. चिप या ठेक्याच्या लाटा शोधते, फार उथळ लाटा सोडून देते आणि दोन लाटांमधलं अंतर अशक्य इतकं कमी असेल तर तीही मोजत नाही. शिवाय एखाद-दुसरी लाट दिसली म्हणून लगेच आकडा वाढत नाही. काही पावलं सलग एका ठेक्यात पडली की मग ती मोजणीत धरली जातात. स्वयंपाकघरातून दारापर्यंत सहा पावलं, परत सहा पावलं अशी ये-जा फोन बरोबर असूनही बऱ्याचदा नोंदलीच जात नाही, ती यामुळे.

धक्का आणि ठेका हे दोन शब्द लक्षात ठेवले की फोनच्या बहुतेक चुकांचा उलगडा होतो.

सावकाश चालणाऱ्यांचं नुकसान सगळ्यात जास्त. ताशी तीन किलोमीटरच्या खाली वेग गेला की टाच हळू टेकते, लाट उथळ होते आणि पावलं गळायला लागतात. गुडघेदुखीमुळे पाय घासत चालणारे, काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांच्या बाबतीत फोनचा आकडा बराच कमी येऊ शकतो. घरातल्या आजोबांनी अर्धा तास चालून फोनवर आठशे पावलं दिसली तर ‘तुम्ही चाललाच नाहीत’ असा निष्कर्ष काढू नये. अशांसाठी पावलांपेक्षा मिनिटं मोजणं जास्त प्रामाणिक. दुकानातली ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलताना फोन त्याच हाताने दांड्यावर धरलेला असेल तरीही पावलं हुकतात, कारण हात स्थिर असतो आणि धक्का फोनपर्यंत पोचत नाही.

फोन कुठे ठेवला आहे यानेही खूप फरक पडतो. कंबरेला बांधलेला पाऊच सगळ्यात चांगला, त्याखालोखाल पँटचा पुढचा खिसा. झब्ब्याच्या सैल खिशात फोन स्वतःच झोके घेतो आणि पायाच्या ठेक्यात त्याचा ठेका मिसळतो. पाठीवरच्या सॅकमध्ये कपडे, डबा, पाण्याची बाटली यांच्यामध्ये दडपलेल्या फोनला धक्के दबून मिळतात. खांद्याला लटकवलेली पर्स पावलागणिक न हलता आपल्या लयीत हलते. हातात फोन धरून स्क्रीनकडे बघत चालणाऱ्याचा हात नकळत धक्के गिळत असतो. मोजणी होते, पण हळू चालीत लवकर बिघडते.

आता प्रयोगशाळेतले आकडे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. १४ निरोगी तरुण ट्रेडमिलवर ताशी तीन मैल, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर वेगाने ५०० आणि १५०० पावलं चालले आणि माणसाने प्रत्यक्ष मोजलेल्या पावलांशी यंत्रांची तुलना झाली. फोनवरच्या ॲप्सचा फरक उणे ६.७ टक्के ते अधिक ६.२ टक्के असा आला. अंगावर घालायच्या उपकरणांचा फरक उणे २२.७ ते उणे १.५ टक्के होता. म्हणजे एका उपकरणाने तर पाचातलं एक पाऊल सोडलं होतं. ती यंत्रं आता जुनी झाली, पण मुद्दा टिकून आहे: महागडं मनगटी यंत्र म्हणजे आपोआप जास्त अचूक असं नाही.

याहून उपयोगाची दुसरी चाचणी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची, २०१८ सालची. त्यात आयफोनची पावलं रोजच्या जगण्यात तपासली गेली. कंबरेला लावलेल्या मापकाच्या तुलनेत फोनने दिवसाला सरासरी १,३४० पावलं कमी दाखवली, म्हणजे सुमारे साडेएकवीस टक्के. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चालीत हाच फोन पाच टक्क्यांच्या आत होता. मग दिवसभरात एवढी गळती कुठून? फोन काही चुकत नव्हता, बराच वेळ तो अंगावरच नव्हता. टेबलावर, चार्जरवर, गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला फोन काय मोजणार?

आपल्याकडे हे अंतर आणखी वाढतं. साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसला असलाच तर रुमालापुरता. घरात दिवसभर पायांवर असलेल्या बाईचा फोन ओट्यावर किंवा फ्रिजवर असतो आणि रात्री आकडा दिसतो दोन हजारांचा. तोच फोन खिशात घेऊन ऑफिसात फिरणाऱ्या नवऱ्याचे सहा हजार होतात. या दोन आकड्यांची तुलना करून कोण जास्त हालचाल करतं ते ठरवणं हा शुद्ध अन्याय आहे. घरकामाची पावलं खरंच मोजायची असतील तर कंबरेला पाऊच बांधायचा, नाहीतर साधा मनगटी बँड घ्यायचा. पण बँडचीही खोड आहे: पोळ्या लाटताना, कणीक मळताना, भांडी घासताना हात लयीत हलतो आणि त्यातली काही हालचाल पावलं म्हणून जमा होते. उलट जिन्याचा कठडा धरून चढताना हात थांबलेला असतो आणि खरी पावलं हुकतात.

फुकटची पावलं फोनलाही मिळतात, पण लोक समजतात तेवढी नाही. दुचाकीच्या इंजिनाची थरथर सेकंदाला दोन लाटांपेक्षा फारच वेगवान असते. ती गाळली जाते. खड्ड्यांचे धक्के अनियमित असतात, ठेका नसल्यामुळे तेही बऱ्यापैकी गाळले जातात, आणि नवे फोन ‘आता गाडीत आहे’ हे ओळखून मोजणी रोखतात. जुन्या किंवा स्वस्त फोनवर मात्र खराब रस्त्यावर बाइकने तासभर गेल्यावर काहीशे पावलं वाढलेली दिसू शकतात. खरी गफलत होते ती लयीतल्या कामात. गणपतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्याचा फोन भराभर पावलं मोजतो. वारीत पावली खेळणाऱ्यांचंही तेच. पाय खरोखरच पडत असतात, त्यामुळे पावलं म्हणून ती चूक नाही. पण माणूस जागच्या जागी असतो आणि फोन त्या पावलांना लांबीने गुणून किलोमीटर दाखवतो. इथून अंतराचा प्रश्न सुरू होतो.

जीपीएस चालू नसेल तेव्हा फोन अंतर मोजत नाही, गुणाकार करतो. पावलं गुणिले एका पावलाची लांबी. ही लांबी येते कुठून? बऱ्याच ॲप्समध्ये उंचीवरून. रूढ सूत्र असं की पुरुषांसाठी उंचीला ०.४१५ ने आणि स्त्रियांसाठी ०.४१३ ने गुणायचं. १६० सें.मी. उंचीच्या बाईचं पाऊल सुमारे ६६ सें.मी. धरलं जातं, १७५ सें.मी. उंचीच्या पुरुषाचं सुमारे ७२.६ सें.मी. दहा हजार पावलांचे पहिलीला ६.६ किलोमीटर, दुसऱ्याला ७.२६. ॲप पहिल्यांदा उघडताना उंची न भरता ‘स्किप’ केलं असेल तर कुठल्यातरी ठरीव उंचीवर गुणाकार चालतो, आणि पाच फुटांच्या माणसालाही उंच माणसाचे किलोमीटर मिळतात. ‘माझं अंतर नेहमी जास्त दाखवतं’ अशी तक्रार असेल तर आधी प्रोफाइलमधली उंची बघा. फूट-इंच आणि सेंटिमीटर यांची गल्लत झालेलीही सापडते.

उंची बरोबर भरली तरी सूत्र म्हणजे सरासरी. त्याच उंचीची दोन माणसं सारखी ढांग टाकत नाहीत. एकच माणूस सकाळी पार्कात भरभर चालताना ७० सें.मी. टाकतो, संध्याकाळी भाजी मंडईत रेंगाळताना ५०. मंडईतली हजार पावलं म्हणजे प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर, ६६ सें.मी.च्या सूत्राने ६६० मीटर. जवळजवळ एक तृतीयांश जास्त. पावलं दोन्हीकडे अगदी बरोबर मोजलेली असूनही.

जिन्यावर हे आणखी ठळक होतं. एका पायरीची रुंदी साधारण २५ ते ३० सें.मी. शंभर पायऱ्या चढलात तर आडवं अंतर पंचवीस-तीस मीटरच, पण गुणाकार सांगतो ६६ मीटर. पर्वती किंवा जेजुरी चढून आल्यावर फोनवरचे किलोमीटर भरघोस दिसतात ते याच कारणाने. गडावर जाणारे बरेच जण मानतात की चढामुळे अंतर वाढतं आणि फोन ते धरत नाही. भूमितीने बघा: १०० मीटर आडवं गेल्यावर २० मीटर चढ, हा चांगलाच दमवणारा चढ आहे. तिरकं अंतर येतं १०२ मीटर. फरक दोनच टक्क्यांचा. चढावर खरी चूक होते ती पाऊल आखूड पडल्यामुळे, तिरक्या रेषेमुळे नाही.

जीपीएस चालू केलं की हिशेब बदलतो. आता फोन पावलांना विचारत नाही, ठरावीक वेळाने ठिकाणांचे बिंदू घेतो आणि ते जोडून लांबी काढतो. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनचं ठिकाण साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतं. दोन-तीन किलोमीटरच्या सरळ रस्त्यासाठी हे उत्तम. पण प्रत्येक बिंदू थोडा डावी-उजवीकडे सरकलेला असतो आणि रेष नागमोडी होते. नागमोडी रेष सरळ रेषेपेक्षा नेहमी लांब. म्हणून सरळ चालीत जीपीएस अंतर थोडं वाढवून सांगतो. चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबलात आणि नोंद चालूच ठेवलीत तर बिंदू तुमच्याभोवती भटकत राहतात, त्याचेही मीटर जमा होतात. ‘ऑटो पॉज’ची सोय असेल तर ती चालू ठेवावी, नसेल तर स्वतः थांबवावं.

उलट चूक वळणांवर होते. बॅटरी वाचवण्यासाठी ॲपने बिंदू विरळ घेतले तर कोपरे कापले जातात. ४०० मीटरच्या धावपट्टीवर दर पाच सेकंदांनी बिंदू घेतला तर वळणावर पडणारा फरक नगण्य आहे. तोच बिंदू तीस सेकंदांनी घेतला तर वळणावरच्या अंतरातले पाचेक टक्के गायब होतात. आणि सोसायटीच्या गच्चीवर दहा मीटर जाऊन दहा मीटर परत येणाऱ्यांनी जीपीएस लावूच नये. बिंदूची चूक पाच मीटर आणि फेरी दहा मीटरची, यातून कामाचं काही निघत नाही. तिथे पावलं हाच खरा आधार. उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि रेष समोरच्या इमारतीतून गेलेली दिसते. घाटातल्या दरीत अर्धं आकाश डोंगराने झाकलेलं असतं, तिथेही असंच.

या अडचणीवर खरा उतारा म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा, एल१ आणि एल५ असा दुहेरी जीपीएस. भिंतीवरून परतलेला सिग्नल आणि थेट आलेला सिग्नल यांतला फरक एल५ वर चांगला कळतो. २०१८ च्या शाओमी एमआय ८ मध्ये हे पहिल्यांदा आलं, आयफोनमध्ये २०२२ च्या १४ प्रो पासून. शहरात चालण्या-धावण्याचं अंतर ज्यांना महत्त्वाचं आहे त्यांनी नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकंच याकडे लक्ष द्यावं.

आणखी एक, अगदी साधी गोष्ट. नोंद सुरू करण्याआधी फोनला ठिकाण सापडू द्या. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस सेकंदांच्या चक्रात पाठवतो. शहरात ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून आयती मिळते म्हणून ठिकाण पटकन सापडतं. गडाच्या पायथ्याशी रेंज नसेल तर फोन ती उपग्रहाकडूनच घेतो, त्याला वेळ लागतो. घाईने ‘स्टार्ट’ दाबलं की पहिला बिंदू भलतीकडे पडतो आणि तिथून तुमच्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली जाते. उघड्यावर एक-दोन मिनिटं उभं राहा, नकाशावरचा निळा ठिपका लहान होऊ द्या, मग निघा.

आता एकेका ॲपबद्दल.

आयफोनचं हेल्थ या कामात सगळ्यात भरवशाचं आहे. २०१४ पासून ते फोनमध्येच असतं, मोजणी आपोआप चालू राहते, जाहिराती नाहीत. त्याचं खरं बळ अंतरात आहे. ‘मोशन कॅलिब्रेशन अँड डिस्टन्स’ ही सोय चालू असेल तर बाहेर चालताना मिळालेल्या जीपीएसवरून फोन तुमच्या चालीचा अंदाज सुधारत नेतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग लोकेशन सर्व्हिसेस, त्यात सगळ्यात खाली सिस्टिम सर्व्हिसेस, तिथे ते बटण आहे. बॅटरी वाचवण्याच्या सल्ल्यांमध्ये हे बंद करायला सांगितलेलं असतं. बंद करू नका. आयफोन ८ पासूनच्या फोनवर ‘वॉकिंग स्टेप लेंग्थ’ या नावाखाली तुमच्या पावलाची लांबीही दिसते. फोन कंबरेजवळ, खिशात असतानाच ती नोंदली जाते. सूत्रातल्या ६६ पेक्षा तुमचा खरा आकडा किती वेगळा आहे ते तिथे लगेच कळतं. शंका आली तर ‘स्टेप्स’ उघडून तळाशी ‘शो ऑल डेटा’ दाबा: कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत किती पावलं आणि ती फोनची की घड्याळाची, हे ओळीने मिळतं. सगळ्यांनी एकदा तरी बघावं असं हे पान आहे. बाइकवर असतानाची पावलं तिथे रंगेहाथ सापडतात.

सॅमसंग हेल्थ सॅमसंगच्या फोनवर नीट चालतं. मांडणी स्वच्छ आहे, तासातासाचा आलेख उपयोगी आहे. घड्याळही वापरत असाल तर फोनची, घड्याळाची आणि एकत्रित अशी पावलं वेगवेगळी बघता येतात. एकत्रित आकड्यात तीच पावलं दोनदा धरली जात नाहीत, तरी दुसऱ्या कंपनीचं ॲप मधे जोडलं की गोंधळ होऊ शकतो. एका वेळी एकच स्रोत ठेवणं उत्तम.

गूगल फिट बरीच वर्षं अँड्रॉइडवाल्यांचं पहिलं ॲप होतं. सुटसुटीत होतं, आजही आहे. पण २०२४ मध्ये गूगलने फिटमधून इतर ॲप्सना माहिती पुरवणारी यंत्रणा बंद करत नेण्याचं जाहीर केलं आणि त्या जागी हेल्थ कनेक्टकडे बोट दाखवलं. हेल्थ कनेक्ट अँड्रॉइड १४ पासून फोनमध्येच आहे. ती सगळ्या ॲप्सची सामायिक कोठी आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आज फिटवर वर्षभराची नोंद उभारू नये. जुनी नोंद असेल तर ती आधीच बाहेर काढून ठेवावी.

मोफत ॲप्सच्या गर्दीत निवड करताना एकच कसोटी लावा: ॲप परवानग्या कोणत्या मागतं. पावलं मोजायला लागते ती फक्त ‘फिजिकल ॲक्टिव्हिटी’ची परवानगी, अँड्रॉइड १० पासून ती वेगळी द्यावी लागते. नकाशावर मार्ग हवा असेल तर लोकेशन, तेही ‘ॲप वापरत असतानाच’. कॉन्टॅक्ट्स किंवा कॉल लॉग मागणारं पावलं-ॲप तिथल्या तिथे काढून टाकावं. चालण्याचे पैसे देतो म्हणणाऱ्या ॲप्सपासूनही लांब राहा. तिथे जाहिराती इतक्या बघाव्या लागतात की चालण्यापेक्षा स्क्रीनवरच वेळ जातो. ज्या ॲपमध्ये ‘सेन्सिटिव्हिटी’ची पट्टी असते ते पुष्कळदा चिपचा आकडा न घेता स्वतःच धक्के मोजत असतं. फोनमध्ये स्टेप काउंटर सेन्सर नसेल तरच त्याचा उपयोग. असेल तर विनाकारण बॅटरी जाते. सेन्सर आहे की नाही ते सेन्सरची यादी दाखवणाऱ्या कुठल्याही साध्या ॲपवर अर्ध्या मिनिटात कळतं.

अँड्रॉइडवरची सगळ्यात मोठी तक्रार, ‘दुपारनंतर मोजणी थांबते’, ही बहुतेक वेळा बॅटरीच्या सेटिंगची असते. कंपन्या बॅटरी जास्त टिकल्याचं दाखवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स मारून टाकतात. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीसाठी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, ‘ऑटोस्टार्ट’ असं बटण असेल तर तेही चालू करा, आणि बॅटरी सेव्हर लागला की पुन्हा तपासा. फोन बंद करून चालू केला की अँड्रॉइडच्या सेन्सरचा आकडा शून्यावर जातो. चांगलं ॲप आधीची बेरीज जपून ठेवतं, कच्चं ॲप सकाळची चार हजार पावलं गमावतं. स्क्रीनवरचा आकडा लगेच हलला नाही तर घाबरू नका. मोजणी सेकंदभर ते दहा सेकंद उशिरा पोचू शकते, ॲपच्या विजेटवर त्याहूनही उशिरा.

आपला फोन किती खरा आहे ते तपासायला यंत्र लागत नाही. फोन रोज जिथे ठेवता तिथेच ठेवा, आकडा टिपून घ्या, तोंडाने मोजत ५०० पावलं नेहमीच्या चालीने चाला, मिनिटभर थांबून पुन्हा आकडा बघा. शंभर पावलांची चाचणी अपुरी आहे, सुरुवातीची चार-सहा पावलं इकडे-तिकडे झाली की तिथेच पाच टक्के होतात. जपानी मानकात पावलंमापकाला शंभरात तीनची चूक मान्य आहे, तीच कसोटी इथे लावा: ४८५ ते ५१५ आलं तर फोन पास. मग हीच चाचणी मुद्दाम हळू चालून करा, आणि पर्समध्ये किंवा सॅकमध्ये फोन ठेवून करा. आपल्या सवयीतला कमकुवत दुवा कोणता ते तेव्हाच कळतं.

अंतरासाठी मोजलेली जागा हवी. प्रमाणित धावपट्टीची सगळ्यात आतली लेन ४०० मीटरची, पण चालणारे शिस्तीने बाहेरच्या लेनमधून चालतात आणि आठवी लेन सुमारे ४५३ मीटरची असते. दहा फेऱ्यांत अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक पडतो, आणि खापर फोनवर फुटतं. शाळा-कॉलेजांची मैदानं तर बऱ्याचदा ४०० मीटरची नसतातच. महामार्गावर किलोमीटरच्या दगडांमध्ये २०० मीटरचे छोटे दगड असतात. रुंद कडेपट्टी आणि कमी रहदारी असेल तिथे त्यांचा उपयोग होतो. तेही नसेल तर बांधकामवाल्याकडची ३० किंवा ५० मीटरची टेप आणि एखादा सरळ, शांत रस्ता. ४०० मीटरला तुमची ६२० पावलं पडली तर तुमचं पाऊल ६४.५ सें.मी.चं. ॲपमध्ये ‘स्टेप लेंग्थ’ भरायची सोय असेल तर हा आकडा भरा. नसेल तर १,५५० पावलांचा एक किलोमीटर एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

दहा हजारांच्या लक्ष्याबद्दल थोडं. ते कुठल्या वैद्यकीय शोधातून आलेलं नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलंमापकाच्या नावातच ते होतं. तेव्हा ९,७०० आणि १०,२०० यांत काही फरक आहे असं मानून रात्री अकराला दिवाणखान्यात फेऱ्या मारण्याची गरज नाही, तेवढी तर मोजणीचीच चूक असते. आठवड्याची सरासरी बघा, आणि ती आपल्याच मागच्या आठवड्याशी ताडा. फोन तोच, खिसा तोच, चाल तीच असेल तर चूकही तीच राहते आणि तुलना खरी ठरते. फोन बदललात तर पहिला आठवडा नव्या मोजणीचा पाया धरा, जुन्या आकड्यांशी जोडू नका.

पावलांवर हप्त्यात सवलत देणारी आरोग्य विमा योजना किंवा ऑफिसची चालण्याची स्पर्धा असेल तर मात्र आकड्याला पैशाची किंमत येते आणि थोडी जास्त काळजी घ्यावी लागते. विमा कंपनीचं ॲप पावलं स्वतः मोजतं की हेल्थ, फिट किंवा हेल्थ कनेक्टकडून घेतं ते आधी विचारा. फिटकडून घेत असेल तर जोडणी कधी बदलणार हेही विचारा. अशा बऱ्याच ॲप्सना दिवसाची बेरीज तेव्हाच मिळते जेव्हा ते उघडून सिंक केलं जातं. झोपण्याआधी एकदा ॲप उघडा, आकडा पोचलेला बघा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. महिनाअखेरीला दिवस कमी धरले गेले तर तक्रारीसोबत जोडायला तोच पुरावा लागतो.